काचेवर काळी फिल्म का चालत नाही, आणि मग नवतप्यात (मेअखेरच्या तापत्या दिवसांत) करायचं काय

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं गाव, सेकंडहँड अर्टिगा घेतली, मागच्या काचांना जुन्या मालकाची काळी फिल्म तशीच आहे. आईला दर महिन्याला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागते आणि डॉक्टरनं अंगावर ऊन घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. रस्त्यात नाक्यावर पाचशेचं चलान झालं. आता एक दुकानदार म्हणतो पन्नास टक्केवाली फिल्म लावून देतो, आरटीओ पास आहे, कोणी हात लावणार नाही. आणि तुमचा राग असा की गाडी माझी, काच माझी, ऊन विदर्भाचं, मग सरकारच्या पोटात काहून दुखून राहिलं.

माझं हिंगणघाटात गाड्यांच्या काचांचं काम आहे, ट्रकच्या पुढच्या काचेपासून अल्टोच्या दारापर्यंत सगळं, आणि २०१२ च्या आधी फिल्मचंही काम चालायचं तेव्हापासून मी या लाइनीत आहे. त्यामुळे कायदा वकिलासारखा नाही सांगता येणार पण काचेतून काय दिसते आणि काय नाही, एवढं सांगू शकतो.

तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधले आहेत असं मला वाटते. आईला ऊन लागू नये हा एक आणि काच काळी पाहिजे हा दुसरा. गिऱ्हाईक दुकानात येते तेही असंच येते, "भाऊ गरम होते, काळी करून द्या". पण कायद्यानं अडवलाय तो काळेपणा, गारवा नाही, आणि काळेपणानं गारवा येतो हेही अर्धवटच खरं आहे. तिकडे नंतर येतो, आधी तुमच्या "काहून" चं उत्तर देतो. हेही सांगून ठेवतो की यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, काचा कंपनीच्या आहेत का बदललेल्या, गाडी रात्री किती चालते, कोण चालवते, गावाकडचा रस्ता कसा आहे.

नियम आधी उरकून टाकू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १००. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. मग २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार, सरन्यायाधीश कपाडिया यांचं खंडपीठ होतं. त्यांनी सांगितलं की ७० आणि ५० हे काच कारखान्यातून बनून येते तेव्हाचे आकडे आहेत, त्या काचेवर नंतर कोणत्याही टक्क्याची फिल्म किंवा दुसरं काही चिकटवायचंच नाही. ४ मे २०१२ पासून ते लागू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिल्मवाले आणि इतर लोक परत कोर्टात गेले, काही टक्के तरी सूट द्या म्हणून, कोर्ट हललं नाही. एखाद्याची वैयक्तिक गैरसोय होत असेल पण ती सार्वजनिक हिताच्या खालीच, असा एकंदर सूर होता. दंड पहिल्यांदा ५०० आणि त्यानंतर १५००, आणि पोलिसाच्या मनात आलं तर फिल्म तिथंच फाडायला लावतो, तेही ब्लेडनं, मग काचेवर ओरखडे पडतात आणि लोक माझ्याकडे येतात.

आता ते पन्नास टक्के. इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून थोडं थांबून वाचा. दुकानदार जे ५० म्हणतो ते एकट्या फिल्मचं आहे. ती फिल्म हवेत नाही लटकवत, काचेवर लावतो, आणि आजकालच्या गाड्यांची दाराची काच मुळात पूर्ण पांढरी, म्हणजे बिनरंगी, नसतेच, हलकी हिरवट असते, बाहेरचा उजेड शंभर धरला तर त्यातला सत्तर-पंच्याहत्तरच आत येतो. त्या पंच्याहत्तरातला अर्धा फिल्मनं अडवला तर उरला साडेसदतीस. म्हणजे ५० ची फिल्म लावली की काच ५० ची नाही, ३७ ची झाली. पस्तीसवाली लावली तर २६, आणि पोट्टे ज्याला "जेट ब्लॅक" म्हणतात ती वीसवाली लावली तर १५. पुढच्या काचेचं तर आणखी अवघड, तिला ७० पाहिजे आणि कंपनीच त्याच्या थोडंच वर बनवून पाठवते, तिथं वरून काही चिकटवायला जागाच नाही.

कोणी म्हणेल की केरळात चालते. ते अर्धं खरं आहे. नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२१ पासून त्यात सेफ्टी काचेसोबत सेफ्टी ग्लेझिंग, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही आली, आणि त्याच्या आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं सांगितलं की मानकात बसणारी फिल्म असेल आणि ७० व ५० चा आकडा पाळला असेल तर दंड करता येत नाही. पण नीट पाहा, आकडा तोच आहे, आणि तो फिल्म लावल्यानंतरचा पाहिजे. वरचा हिशोब उलटा करा, पंच्याहत्तरच्या काचेवर फिल्म लावून ५० राखायचे तर फिल्म ६७-७० च्या आसपासची लागेल, म्हणजे जवळजवळ पांढरीच. तुमचा दुकानदार जी देऊन राहिला ती केरळातही पास होणार नाही. आणि आपल्याकडे नाक्यावरचा माणूस २०१२ चा निकाल धरून चालतो, त्याच्यासमोर केरळचा कागद काढून वाद घालायची तुमची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण आई मागच्या सीटवर उन्हात बसलेली असेल हे लक्षात ठेवा. "आरटीओ पास" असं फिल्मच्या डब्यावर छापून काही होत नाही, त्या दुकानदाराला म्हणा बिलावर लिहून दे आणि चलान आलं तर तू भर.

बरं, पण आकडा ठेवलाच काहून? याचं खरं उत्तर दुकानात उभं राहून कळत नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक दुपारी बारा वाजता फिल्म पाहते. आतून बाहेर पाहते आणि म्हणते सगळं तर दिसून राहिलं. दिसणारच, दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, त्यातला दोन तृतीयांश काढून घेतला तरी डोळ्याला पुरून उरते. तेच दिवेलागणीनंतर पाहा. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही उजेड नसतो. तिथं शिल्लकच नाही तर फिल्म अर्धा उजेड घेते तो थेट दिसण्यातूनच घेते. फिल्मला काही माहीत नसते की आता दिवस आहे की रात्र, ती आपली तेवढाच हिस्सा कापत राहते.

आणि आपल्याकडची संध्याकाळ कशी असते ते मी तुम्हाला काय सांगू. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगकडे जाणाऱ्या बंड्या आणि ट्रॉल्या, ट्रॉलीला मागं लाइट नाही, बंडीला तर रेडियमही नाही, वावरातून परत येणारी माणसं साइडपट्टीनं चाललेली, ढोरं रस्त्यावर बसलेली कारण डांबर गरम असते. पुढं जंगलपट्टा आला की रोही, म्हणजे नीलगाय. रोह्याचा नर असतो निळसर करडा, संध्याकाळी डांबर करडं, आकाश करडं, आणि तो उडी मारतो ती धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, म्हणजे बाजूनं, समोरून नाही. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. रोही एक सेकंद उशिरा दिसला म्हणजे ब्रेकवर पाय जायच्या आधीच १७ मीटर संपले. माझ्याकडे काच बदलायला येणाऱ्या गाड्यांत रोही आणि डुक्कर यांच्या धडकेच्या गाड्या नेहमीच असतात, त्या सगळ्यांना काही काळी फिल्म नसते, खोटं कशाला बोलू, पण चालवणारा सांगतो ते वाक्य सारखंच असते, "भाऊ दिसलाच नाही, एकदम आला". एकदम कोणी येत नाही, आपल्याला तो उशिरा दिसतो.

त्यात चालवणाऱ्याचं वय. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, डोळ्यातलं भिंग पिवळट होते आणि बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही. तुम्ही लिहिलं की कधी कधी वडील चालवतात. म्हणजे त्यांच्या डोळ्यात आधीच एक फिल्म आहे असं समजा, तुम्ही वरून दुसरी लावायला निघाले.

लोक म्हणतात पुढची काच तर साफ ठेवली ना, बाजूच्या काळ्या केल्या तर काय बिघडते. बिघडते असं की साइडचा आरसा तुम्ही कशातून पाहता? दाराच्या काचेतूनच. रात्री मागून विनालाइटची मोटरसायकल येऊन राहिली आणि तुम्ही ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला बाहेर काढता, ती आरशात होती पण फिल्मनं खाल्ली. फाट्यावरून मेन रोडला लागताना डावीकडे उजवीकडे पाहायचं ते दारातूनच. शिवाय फाट्यावर तुम्ही तिरपं पाहता, आणि फिल्मचे टक्के काचेसमोर सरळ उभं राहून मोजलेले असतात, तिरप्या नजरेला काचेची चमक जास्त येते आणि आरपार आणखी कमी दिसते. पावसाळ्यात काचेवर थेंब, आतून वाफ, वर फिल्म, मग लोक काय करतात, काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी रिव्हर्स घेतात. रोज पाहतो मी. म्हणजे फिल्म लावली ऊन आत येऊ नये म्हणून आणि पावसात भिजून राहिले.

आतापर्यंत आतून बाहेर पाहायचं झालं, बाहेरून आत पाहायचंही तितकंच आहे, आणि हे कोणी लक्षात घेत नाही. रस्त्यावर चालणारा माणूस गाडीकडे नाही, ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहतो. शाळेतून सायकलवर घरी चाललेली पोरगी, बंडीवाला कास्तकार, पायी बाई डोक्यावर भारा घेऊन, हे सगळे तुमची नजर आपल्याकडे आहे का ते पाहतात आणि मग रस्ता ओलांडायचा का थांबायचं ते ठरवतात. काळ्या काचेमागं त्यांना काहीच दिसत नाही, मग ते अंदाजानं पाऊल टाकतात. तसंच तुमच्या मागं चालणारा गाडीवाला तुमच्या मागच्या आणि पुढच्या काचेतून पलीकडचा रस्ता पाहत असतो, दोन गाड्या पुढच्याचा ब्रेकलाइट त्याला तुमच्या गाडीतूनच दिसते. मागची काच काळी केली की तुम्ही त्याच्यासाठी भिंत झाले. म्हणूनच मागच्या काचेला पुढच्याइतकेच ७० टक्के आहेत. इंग्लंडमध्ये हे थोडं वेगळं आहे, तिथं पुढच्या काचेला ७५ आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या काचांना ७० टक्के पाहिजे, मागच्या काचा कितीही काळ्या चालतात. म्हणजे त्यांनी फक्त ड्रायव्हरच्या नजरेचा विचार केला. आपल्याकडे मागचंही धरलं. आणि फिल्मवरच्या बंदीला आणखी एक कारण आहे, गुन्हे.

२०१२ च्या केसमध्ये मूळ मुद्दा तोच होता, काळ्या काचांच्या गाड्यांतून होणारे गुन्हे, अपहरण, बायकांवरचे अत्याचार. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत जे घडलं त्या बसलाही काळ्या काचा आणि पडदे होते, ती बस शहरात फिरत राहिली आणि बाहेरच्या कोणाला आतलं काही दिसलं नाही. आपल्याकडं पाहायचं तर आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी, मधली काही वर्षं चंद्रपूरही होता. यवतमाळ जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की नाका लागतोच, कळंब-देवळी रोडनं तुम्ही येता तर तुम्हाला माहीत आहे. रात्री दोन वाजता नाक्यावर एक हवालदार आणि एक होमगार्ड उभे असतात, समोरून गाडी येते, आत म्हातारी आई आहे, दारूच्या पेट्या आहेत का कोणी हत्यार घेऊन बसलं आहे हे त्यांना काच खाली होईपर्यंत कळत नाही. साफ काच असली की टॉर्च मारला, आई दिसली, "जा दादा". माझं तर म्हणणं आहे की तुमच्यासारख्याला साफ काचेचा फायदाच आहे, तुमचे नाक्यावरचे पंधरा मिनिटं वाचतात.

एक गोष्ट कोर्टाच्या कागदात नसेल पण मला ती सगळ्यात मोठी वाटते. गावाकडे गाडी अंगणात नाहीतर कडुलिंबाखाली उभी असते, कधी कधी लॉक नसते. लहान पोट्टे खेळता खेळता आत शिरतात, दार बंद होते, आतून उघडता येत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते तेव्हा बंद गाडीत अर्ध्या तासात काय होत असेल त्याचा विचार करा. साफ काच असली तर रस्त्यानं जाणाऱ्याला लेकरू दिसते. काळी असली तर घरचे सगळीकडे शोधतात, विहिरीत पाहतात, आणि गाडीजवळून दहा वेळा जातात. ज्याच्या घरी लहान लेकरं आहेत त्याला तर मी हेच सांगतो, चलान वगैरे सोडून द्या.

पाण्याचाही विषय आहे. दाराची काच टफन्ड असते, कोपऱ्यात टोकदार मार बसला की तिचे बारीक दाणे होऊन खाली पडतात, मुद्दाम तशी बनवलेली असते. फिल्म लावली की काच फुटते पण पडत नाही, अख्खी चादर होऊन जागेवर राहते, ती लाथेनं ढकलावी लागते. फिल्म विकणारा हाच गुण म्हणून सांगतो, काच अंगावर उडत नाही म्हणून, आणि साध्या अपघातात ते खरंही आहे. पण गाडी नाल्यात गेली, पाणी चढलं, पॉवर विंडो बंद पडली तर तेच सेकंद महागात पडतात. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली तेव्हापासून आपल्या भागात पुलावरच्या पाण्याला लोक थोडं तरी घाबरतात, पण घालणारे अजूनही घालतातच गाडी.

मग टक्के मोजून परवानगी का देत नाहीत, सरसकट बंदी कशाला? यावर माझं मत असं की कागदावर मोजणं सोपं आहे, रस्त्यावर नाही. मोजायचं यंत्र असते, काचेच्या दोन्ही बाजूंनी लावायचं, पण ते प्रत्येक नाक्यावर कुठून आणणार, आणि नाही आणलं तर हवालदाराच्या नजरेवर गोष्ट जाते, नजरेवर गेली की घासाघीस आली. शिवाय स्वस्त फिल्मचा रंग आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळा पडतो, बुडबुडे येतात, आज मोजलेला आकडा पुढच्या वर्षी खरा राहत नाही. "काही चिकटवलं आहे का नाही" हे मात्र नखानं कोपरा खरवडला की कळते. सरसकट बंदीत चांगल्या फिल्मचंही मरण होते हे मला मान्य आहे, केरळसारखा विचार इकडेही व्हायला हरकत नाही, पण आज जे आहे ते हे आहे.

मंत्र्यांच्या गाडीचं तुम्ही विचारलं. निकालात मोकळीक ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती, जीवाला धोका म्हणून. तुमच्या गावच्या पुढाऱ्याला ती नसते, तो लावून फिरतो तर कोणी अडवत नाही म्हणून फिरतो, त्याला परवानगी आहे म्हणून नाही. आणि काही मोठ्या गाड्या काळ्या दिसतात त्या फिल्ममुळे नसतात, आत सीट, छत सगळं काळं असलं की साधी हिरवट काचही बाहेरून गडद दिसते. आजाराच्या सर्टिफिकेटवर सूट मिळेल असं कोणी सांगितलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, निकालात तशी वाट ठेवलेली नाही.

आता गारव्याचं. उन्हाची साधारण निम्मी शक्ती डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते. काळा रंग अडवतो तो मुख्यतः दिसणारा उजेड. साधी रंगाची फिल्म तो उजेड आणि थोडी उष्णता स्वतः पिऊन घेते, काच तव्यासारखी तापते आणि मग ती उष्णता आत फेकते, हात लावून पाहा दुपारी. उजेड कमी झाला म्हणून डोळ्याला बरं वाटते, आणि आपण समजतो गार झालं. उष्णता खरंच अडवणाऱ्या फिल्म सिरॅमिकच्या वगैरे असतात, त्या जवळजवळ पांढऱ्याही मिळतात, पण चिकटवणं आलं म्हणून अडचण तीच. धातूची चमक असलेली फिल्म पुढच्या काचेवर तर बिलकूल नको, टोलवर फास्टॅग वाचत नाही, मागचे हॉर्न मारतात.

आईच्या त्वचेसाठी. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, तो अतिनील किरण जवळपास सगळेच अडवतो. अडचण दाराच्या काचांची, त्या एकेरी असतात, त्यांतून काही भाग आत येतो. म्हणून आईला कुठं बसवता हे फिल्मपेक्षा महत्त्वाचं आहे. यवतमाळहून नागपूर म्हणजे ईशान्येकडे, सकाळी निघाले तर सूर्य पूर्वेला, म्हणजे गाडीच्या उजव्या अंगाला. संध्याकाळी परत येताना तोंड नैर्ऋत्येला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे परत उजवंच अंग. दोन्ही वेळेला डावी मागची सीट सावलीत राहते. आईला तिथं बसवा, पूर्ण बाह्यांचं सुती, वरून पांढरा दुपट्टा. सकाळी सहाला निघता आलं तर उत्तमच. दाराला अडकवायची जाळी मिळते ती मागच्या सीटपुरती आणि गाडी उभी असतानाच वापरा, चालत्या गाडीत तिच्यावरूनही नाक्यावर वाद होतो. औषधाचं, क्रीमचं डॉक्टरला विचारा, तो माझा विषय नाही.

गाडी दवाखान्याबाहेर उभी करताना पुढच्या काचेच्या आत चंदेरी पडदा लावा, दीडशे-दोनशेची वस्तू आहे, डॅशबोर्ड तापला नाही तर अर्धं काम झालं. निघताना लगेच एसी फुल करून काचा बंद करू नका, आधी एक-दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून गरम हवा जाऊ द्या, मग बंद करून आतलीच हवा फिरवायचं बटन दाबा. काळे रेक्झिनचे सीटकव्हर असतील तर वरून पांढरी सुती चादर टाका. आणि एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरायला धावायच्या आधी गाडीच्या पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) पाहा. आपल्या भागात जिनिंगजवळून गाड्या जातात, कापसाचे तंतू आणि धूळ त्यात नमद्यासारखी बसते, हवाच लागत नाही तर थंड काय होणार. साध्या पाइपच्या पाण्यानं धुवायचा, सर्व्हिसिंगच्या जोराच्या फवाऱ्यानं नाही, पात्या वाकतात. डॅशच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टरही बदला. एवढं केलं तर मला वाटते तुमच्या अर्टिगाला फिल्मची आठवण येणार नाही, पण मेच्या शेवटी दुपारी दोन वाजता कोणतीच गाडी पहिल्या दहा मिनिटांत गार होत नाही हेही खरं.

कधी काच बदलायची वेळ आली तर कोपऱ्यात आयएस २५५३ आणि आयएसआयचा शिक्का पाहून घ्या. कंपनीची हिरवट काच चालते, ती नियमात बसवूनच बनवलेली असते. कोणी "डार्क काच" म्हणून बिनशिक्क्याची आणून बसवतो, ती घेऊ नका.

राहिली तुमची जुनी फिल्म. ती काढा, कारण चलान तिचंच झालं होतं. दाराच्या काचेची घरीच निघते, गाडी उन्हात लावा, फिल्मवर साबणाचं पाणी मारून वरून प्लास्टिकची पन्नी चिकटवा, तासाभरानं कोपरा नखानं उचलून हळूहळू ओढा, घाई केली तर गोंद काचेवर राहतो. राहिलेला गोंद साबणाचं पाणी लावून ब्लेड आडवं धरून निघते. मागच्या काचेचं मात्र तसं नाही, तिला आतून डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, बारीक आडव्या तारा असतात, तिथं फिल्म तारांच्या दिशेनंच, आडवी ओढायची आणि ब्लेड लावायचं नाही, एक तार तुटली की ती पट्टी कायमची गेली. घरी जमत नसेल तर यवतमाळात कोणत्याही काचवाल्याकडं वाफेवर काढून घ्या, फक्त तो काम करताना बाजूला उभे राहा.